तलंगेचा पाय

धाकट्याने बुटांचं खोकं थोरल्याच्या पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवलं, काठीच्या टोकाने ते आत ढकललं आणि दाराची चौकट धरून उभा राहिला.

"वहिनी, त्यांना सांगा, मोडलाय त्यांनी, आता जोडतीलही तेच."

'त्यांना' म्हणजे थोरल्या भावाला, आणि थोरला दारापासून चार पावलांवर खुर्चीत बसला होता, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. त्याचे कान उत्तम होते. पण गेल्या बावीस वर्षांत या दोन भावांमध्ये एकही शब्द सरळ गेला नव्हता. जे काही जायचं ते वहिनीच्या मार्फत. तिने इकडच्या शिव्या तिकडे आणि तिकडच्या इकडे इतक्या वाहिल्या होत्या की एखाद्या हमालाला तेवढ्यावर पेन्शन मिळाली असती.

वहिनी हात पुसत बाहेर आली आणि खोक्यात डोकावली. आत फडक्यावर एक तलंग पडली होती. तलंग म्हणजे पिल्लूपण सरलेलं आणि कोंबडीपण अजून न आलेलं. अंड्यावर यायला हिला महिना-दीड महिना तरी होता. रंग तपकिरी, तुरा अजून फिका. डावा पाय पिसं संपतात तिथून बोटभर खाली भलत्याच बाजूला लोंबत होता. ती ओरडत नव्हती. चोच उघडी ठेवून भराभर श्वास घेत होती.

"अगं बाई," वहिनी म्हणाली. "कसं झालं हे?"

"त्यांना विचारा. फाटकाला लाथ कोणी घातली?"

वर्तमानपत्र हललं नाही.

घर एकच होतं, बापाने बांधलेलं. बाप गेल्यावर त्याचे मधोमध दोन भाग झाले. मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत उभी राहिली. भिंतीत एक लोखंडी फाटक राहिलं ते वहिनीच्या हट्टाने, कारण नळ या बाजूला होता आणि कपडे वाळण्यापुरतं ऊन त्या बाजूला. त्याच फाटकातून धाकट्याच्या कोंबड्या रोज सकाळी इकडे यायच्या आणि थोरल्याच्या कुंड्या उकरायच्या. आजही आल्या होत्या. थोरल्याने उठून टाळ्या वाजवल्या, त्या फडफडत परत पळाल्या, आणि त्याने मागून पायाने फाटक लोटलं. जरा जोरात. फाटक आपटल्याचा आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. आजचा तसा आला नव्हता. मध्ये काहीतरी मऊ आलं होतं. थोरल्याने वळून बघितलं नाही. तो घरात आला, खुर्चीत बसला आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं.

"भावजी, जनावरांचा दवाखाना आहे की," वहिनी म्हणाली. "तिथे न्या हिला."

"दवाखान्यांवर माझा विश्वास नाही. का ते तुम्हाला ठाऊक आहे."

त्याने काठीच्या टोकाने आपल्याच उजव्या पायाच्या नडगीवर दोनदा ठोकलं आणि तो निघाला. त्याचं जाणं डोळे मिटूनही ओळखू यायचं: आधी काठी, मग डावं पाऊल, मग घासत येणारा तो दुसरा पाय. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, टाच उशिराने टेकायची. थोरल्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. धाकटा चालायला लागला की तो नेहमी काहीतरी उलटायचा, शोधायचा, उचलायचा. बावीस वर्षांत त्याने ती चाल एकदाही पुरती बघितली नव्हती.

"घरचं झालं थोडं, आणि व्याह्याने धाडलं घोडं," वहिनी खोकं उचलत म्हणाली. "सून नाही, नातवंड नाही, आणि या वयात कोंबडीची शुश्रूषा. उठा आता."

थोरला उठला. त्याला राग आला होता, आणि धाकट्याचं म्हणणं खरं होतं म्हणून तो जास्तच आला होता.

पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. चौतीस वर्षं तो हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घालत होता. डॉक्टर आले, शिकले, बदलून गेले. प्लास्टरवाला तोच राहिला. नवा डॉक्टर हाड बसवायचा आणि तिरक्या नजरेने याच्याकडे बघायचा, बरोबर आहे ना म्हणून. हा मान हलवायचा, मगच पट्टी भिजायची. निवृत्तीच्या दिवशी त्याने पेटीत थोडा कापूस, प्लास्टरच्या चार गुंडाळ्या आणि प्लास्टर कापायची वाकड्या तोंडाची कात्री भरून आणली होती. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

या चौतीस वर्षांत त्याच्या हातून फक्त एक पाय वाकडा जुळला, आणि तो सख्ख्या भावाचा. धाकटा वायरमन होता. खांबावर असा सरसर चढायचा की खालच्याला वाटावं, तारांनीच त्याला वर ओढून घेतलं. एका दुपारी तो खांबावरून पडला, नडगी मोडली, डॉक्टरने ती बसवली आणि प्लास्टर थोरल्याने घातलं. दीड महिन्याने ते कापलं तेव्हा पाऊल बाहेर वळलेलं निघालं. खांबावर चढणं संपलं. खात्याने त्याला तक्रारीच्या खिडकीत बसवलं. तिथे लोकांच्या शिव्या खाऊन तो आपणही शिव्या द्यायला शिकला, आणि एक दिवस ती खिडकीही सोडून आला. ठरलेलं लग्न मोडलं. मग त्याने कोंबड्या पाळल्या.

थोरल्याचं यावर एकच वाक्य होतं. "हाडाचं काही सांगता येत नाही. आपण जागेवर ठेवतो. जुळतं ते त्याच्या मनाने." हे तो पाहुण्यांना सांगायचा, शेजाऱ्यांना सांगायचा, कोणी न विचारताही सांगायचा.

"टॉवेलात गुंडाळ," त्याने बायकोला सांगितलं. "डोकं झाक. अंधार झाला की गप्प राहील."

वहिनीने तलंगेला टॉवेलात घेतलं, मांडीवर धरलं आणि मोडका पाय तेवढा बाहेर काढला. थोरल्याने चष्मा पुसला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये त्याने ती नळी धरली. पेन्सिलीएवढीही जाड नव्हती. त्याने हळूच ओढली, किंचित फिरवली, आत काहीतरी जागेवर बसल्याचं बोटांना लागलं. टॉवेलातून एक बारीक आवाज आला. मग कापसाचा थर, झाडूच्या दोन काड्या कापून दोन बाजूंना आधार, आणि वाटीत भिजवलेली, बुडबुडे थांबल्यावर पिळलेली दोन बोटं रुंद पट्टी.  

"एक बोलू?" वहिनी म्हणाली.

"नको."

"ही नीट चालायला लागली, तर भावजी म्हणतील, कोंबडीचा पाय जमला, भावाचा नाही जमला. आणि लंगडीच राहिली, तर म्हणतील, बघा, हा माणूस असाच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय तुमचं."

थोरल्याचा हात मध्येच थांबला. त्याने हा विचार केला नव्हता. पट्टीचं टोक तसंच हातात राहिलं आणि वाटीतलं पांढरं पाणी लादीवर ठिबकत राहिलं.

"गप्प बस आणि नीट धर," तो म्हणाला, आणि त्याने घाईने पट्टी संपवली.

पायावर भार पडू नये म्हणून त्याने एका जुन्या कापडी पिशवीला दोन भोकं पाडली, त्यांतून तलंगेचे दोन्ही पाय खाली सोडले आणि पिशवी बादलीच्या कडांवर ताणून बांधली. ती त्यात झोपाळ्यात बसल्यासारखी बसली. समोर एका डब्यात दाणे, दुसऱ्यात पाणी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती बादली आली आणि वहिनीने त्याच दिवशी जाहीर केलं की घाण काढणार ती नाही.

संध्याकाळी धाकटा फाटकापाशी आला. हातात भरडलेल्या दाण्यांचा डबा.

"वहिनी, त्यांना विचारा, खड्डा खणून ठेवू का? म्हणजे ऐन वेळी धावपळ नको."

"त्याला सांग," आतून थोरला म्हणाला, "खणायचाच तर मोठा खण. दोघं मावतील एवढा."

"ऐकलंत दोघांनी एकमेकांचं," वहिनी म्हणाली. "माझं तोंड वाचलं."

"आणि त्यांना सांगा, तिला माझ्या कोंबड्यांत आत्ताच सोडू नका. टोचून टोचून मारतील. लंगड्याला कोणी सोडत नाही."

डबा भिंतीवर ठेवून तो गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या घरात दोन सुंभ होते, आणि ते जळायचंही नाव घेत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने बादलीपुढे बैठक मारली. तलंग जिवंत होती, दाणे खाल्लेले होते. प्लास्टर वाळून टणक झालं होतं. त्याने वाकून दोन्ही पाय समोरून बघितले आणि तो तसाच बसून राहिला.

बोटं बाहेर वळली होती. फार नाही. पण चांगल्या पायाची मधली नखी सरळ समोर होती, आणि या पायाची दाराकडे. घाईत शेवटचे दोन वेढे घेताना पट्टीने पाऊल ओढून घेतलं होतं. नवशिक्याची चूक. ती त्याने आयुष्यात दुसऱ्यांदा केली होती.

पहिल्यांदा केली तेव्हाही त्याला ती अशीच सकाळी दिसली होती. वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, चादर वर करून. धाकटा म्हणाला होता, "दादा, पाऊल वाकडं वाटतंय रे." कात्री खिशातच होती. अर्ध्या तासाचं काम होतं. पण प्लास्टर कापायचं तर डॉक्टरला सांगावं लागलं असतं, नोंदवहीत कारण लिहावं लागलं असतं, आणि त्याच महिन्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. चौदा वर्षं हंगामी काढली होती. हाडं तरणी आहेत, थोडंफार आपोआप सरळ होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि भावाला म्हणाला, "प्लास्टरमध्ये सगळं वाकडंच दिसतं." यादी लागली, तो कायम झाला. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

आता कोवळं हाड होतं. चार दिवसांत धरलं असतं. नुसतं बसून राहायचं होतं. तलंग लंगडली असती, आणि थोरल्याला पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, आणि मुख्य म्हणजे भिंतीपलीकडच्यासमोर म्हणता आलं असतं, बघा, चौतीस वर्षांचा हात, तरी हाडाचं काही सांगता येत नाही. ही तलंग त्याची साक्षीदार झाली असती.

त्या दिवशी त्याने बादली साफ केली, पाणी बदललं, दाणे घातले. तलंग त्याचं बोट टोचायला लागली होती; दाणा संपला की टोचायची. तो तिच्यावर ओरडला. पट्टीला हात लावला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. दोन्ही दिवस तो वहिनीच्या अंगावर फार खेकसला, चहा गार म्हणून, चहा गरम म्हणून, एकदा तर दार वाजलं म्हणून.  वहिनी बादलीकडे बघायची, मग त्याच्याकडे.

चौथ्या दिवशी सकाळी धाकटा डबा घेऊन आला तेव्हा वहिनी नळावर होती आणि बादली उन्हासाठी अंगणात ठेवलेली होती. धाकटा फाटकातून एक पाऊल आत आला. इतक्या वर्षांत तो फाटकातून या बाजूला कधी आला नव्हता. काठीवर भार देऊन तो वाकला आणि त्याने तलंगेचे पाय निरखले.

"वहिनी," तो म्हणाला. आवाजात नेहमीचं विष नव्हतं. "पाऊल वाकडं दिसतंय."

थोरला पायरीवर बसला होता. उत्तर त्याच्या जिभेवर तयारच होतं, बावीस वर्षं तिथेच होतं.

"त्याला सांग, प्लास्टरमध्ये सगळं वाकडंच दिसतं."

वहिनीने निरोप पोचवला नाही. तिने नळ बंद केला. धाकटा सरळ उभा राहिला, डबा भिंतीवर ठेवायचंही विसरून तो घेऊनच परत गेला. काठी, पाऊल, घासलेला पाय. थोरला पायरीवरची माती नखाने खरवडत होता.

"हेच म्हणाला होतात," वहिनी म्हणाली.

"काय?"

"तेव्हा. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, डबा घेऊन. शब्द न शब्द हेच."

"मग? खरंच आहे ते."

"तुम्ही कायम व्हायचे होतात त्या महिन्यात."

थोरल्याने नखात अडकलेली माती काढायला घेतली.

"मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी सांगितलं असतं, आणि मला ते खरं मानून राहावं लागलं असतं. पण अहो, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

ती बादली उचलायला वाकली. थोरल्याने तिला हाताने थांबवलं. तो बराच वेळ त्या तलंगेसमोर उकिडवा बसला. तलंगेने मान तिरकी करून त्याच्याकडे एका डोळ्याने बघितलं, आणि दाणा दिसेना म्हणून त्याच्या बोटाला टोचलं.

"तुझी नखं कापायची कात्री आण," तो म्हणाला. "आणि टॉवेल."

"आणि?"

"आणि वाटीत पाणी. काय बघत उभी आहेस!"

मोठी कात्री एवढ्याशा पायाला चालण्यासारखी नव्हती. नखांच्या कात्रीने त्याने प्लास्टर कडेने किरकिर कापलं, पाण्याने मऊ करत, थोडं थोडं.  कापूस निघाला, काड्या निघाल्या. खाली नळीवर हाड धरायला लागलं होतं. बोटांना ते कळलं. म्हणजे आता ते परत सोडवावं लागणार होतं. एक दिवस आधी सोपं गेलं असतं, दोन दिवस आधी त्याहून सोपं. त्याला स्वतःची मनापासून किळस आली. त्याने दात आवळून नळी धरली आणि फिरवली.

तलंग जिवाच्या आकांताने ओरडली. भिंतीपलीकडच्या सगळ्या कोंबड्या एकदम कलकलल्या. आणि काठी वाजली, भराभर.

थोरल्याने मान वर केली नाही, तरी भिंतीवरून त्याच्या हातांवर सावली पडली. कापलेलं प्लास्टर पायरीवर दोन तुकड्यांत पडलेलं होतं, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने पाऊल समोर आणलं, मधली नखी चांगल्या पायाच्या नखीशी जुळवून बघितली, वहिनीला तसंच धरायला सांगितलं आणि नव्या काड्या लावल्या. या वेळी पट्टी घाईने नाही घातली. प्रत्येक वेढ्याला थांबून तो पाऊल समोरून बघत होता. पट्टी वाळेपर्यंत ते पाऊल त्याने दोन बोटांत धरून ठेवलं. बराच वेळ सावली तिथेच होती. मग ती गेली.

त्यानंतर धाकटा खड्ड्याबद्दल बोलला नाही. कशाबद्दलच बोलला नाही. सकाळी भिंतीवर डबा असायचा, संध्याकाळी रिकामा डबा उचललेला असायचा. वहिनी फाटकात उभी राहून हाका मारायची, तर तो पलीकडे कोंबड्यांचं खुराडं धूत बसलेला असायचा, पाठमोरा. त्याच्या शिव्या यायच्या तेव्हा निदान तो कुठे आहे ते कळायचं. आता थोरला दिवसातून दहा वेळा पलीकडचा कानोसा घ्यायचा.

तलंग वाढत होती. तुरा लाल व्हायला लागला. पिशवीत बसून ती कंटाळायची आणि जो समोर येईल त्याला टोचायची. घाण काढणार नाही म्हणणारी वहिनी तिच्या पाठीवरून बोट फिरवताना थोरल्याने एकदा पकडली.

"शुश्रूषा तुमची, लाड माझे," ती म्हणाली. "वाटणी या घराला नवीन नाही."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी थोरल्याने बादली अंगणात आणली आणि वहिनीला म्हणाला, "त्याला सांग, आज कापतोय."

"तुम्हीच सांगा. भिंत कमरेएवढी आहे, आकाशाएवढी नाही." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सांगावं लागलं नाही. कात्री पडल्याचा आवाज झाला आणि धाकटा फाटकात येऊन उभा राहिला. थोरल्याने प्लास्टर काढलं, कापूस काढला. पाय बारीक झाला होता, खवले निघत होते. मोडलं होतं तिथे लहानशी गाठ होती. त्याने तलंगेला जमिनीवर ठेवलं आणि हात काढून घेतला.

ती एका पायावर उभी राहिली. दुसरा पोटाशी धरून ठेवला. दोन्ही भाऊ त्या पायाकडे बघत होते. मग तिला एक किडा दिसला असावा; तिने पाय टेकला, धडपडली, सावरली, पुन्हा टेकला. चार पावलं अडखळत, आणि पुढची सरळ. अगदी सरळ. थोरल्याच्या कुंडीपाशी जाऊन तिने त्याच पायाने माती उकरली, आणि मग पलीकडचा आवाज ऐकून ती धाकट्याच्या पायांजवळून, फाटकातून, आपल्या कळपात पळाली. एक मोठी कोंबडी तिच्या अंगावर आली. तिने उलटून तिलाच टोचलं.

धाकटा तिकडे बघत होता. बोलला तेव्हाही तिकडेच बघत होता.

"उलगडून परत बांधलंस."

वहिनीचं नाव त्यात नव्हतं. थोरल्याला क्षणभर कळलंच नाही, हे कोणाला आहे.

"हो," तो म्हणाला.

"चौथ्या दिवशी."

"पाऊल बाहेर गेलं होतं."

"तू तर म्हणालास, प्लास्टरमध्ये सगळं वाकडंच दिसतं."

"म्हणालो."

"पण तुला दिसलं होतं."

"दिसलं होतं. दुसऱ्याच दिवशी."

धाकट्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग तो थोरल्याकडे वळला. त्याचे केस पिकले होते, गालांवर दोन खोल रेषा होत्या. इतक्या जवळून थोरल्याने त्या बघितल्या नव्हत्या.

"माझं दिसलं होतं का, दादा?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

थोरल्याजवळ उत्तर होतं. हाडाचं काही सांगता येत नाही. इतक्या वेळा म्हटलेलं की तोंड उघडलं असतं तर ते आपोआप बाहेर पडलं असतं. त्याने कात्री पायरीवर ठेवली.

"दिसलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी."

"कात्री होती जवळ?"

"खिशात होती."

धाकटा ओरडेल असं त्याला वाटलं. काठी उचलेल असंही वाटलं, आणि उचलली असती तर त्याने हात आडवा घातला नसता. पण धाकटा नुसता उभा राहिला. बावीस वर्षं तो या एका वाक्यासाठी भांडला होता, आणि ते हातात आल्यावर त्याचं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.  मग तो वळला आणि चालू लागला.

थोरल्याने काही उचललं नाही, काही शोधलं नाही. तो बघत राहिला. काठी पुढे टेकली, डावं पाऊल पडलं, आणि मग उजवा पाय कमरेपासून फिरून, बाहेरून वळसा घेत आला. टाच टेकायच्या आत शरीराचा सगळा भार काठीवर जायचा, आणि खांदा दर पावलाला खाली जायचा. खुराड्यापर्यंत सतरा पावलं होती. थोरल्याने सगळी बघितली.

खुराड्यापाशी धाकटा थांबला. पाठमोराच राहून, पूर्वीच्याच मोठ्या आवाजात म्हणाला,

"वहिनी, त्यांना सांगा, फाटक लावून घ्या."

वहिनी मागच्या दारात आली. इतक्या वर्षांत तिने एकही निरोप जसाच्या तसा दिला नव्हता; प्रत्येकाला आपला एखादा टोमणा, एखादं हसू चिकटवल्याशिवाय तो तिच्या तोंडातून बाहेर पडायचा नाही. आज तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं.

"ते म्हणतात, फाटक लावून घ्या."

थोरला उठला. फाटकापाशी गेला, आधी वाकून खाली बघितलं, मध्ये कोणाचा पाय नाही ना. मग दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ न देता, ते लावलं.